दुसऱ्या वाक्याची अडचण

माझी मुलगी आणि जावई दोघेही दक्षिण कोरियातील देजॉन शहरात संशोधन करतात. ऑगस्ट २०२४ मध्ये मुलीला मुलगा झाला आणि महिनाअखेरीस मी तीन महिन्यांसाठी तिच्याकडे गेले. जाण्यापूर्वी दोन महिने साताऱ्यात बसून मी मोबाइलवर कोरियन शिकत होते. त्यामागे भाषेची हौस होती असे म्हणता येणार नाही, कारण खरे तर ती धास्ती होती. बाळ झोपले, बाळंतीण झोपली आणि जावई प्रयोगशाळेत गेले, की त्या उंच इमारतीत मी दिवसभर बोलणार कोणाशी? तीस वर्षे शाळेत मराठी शिकवण्यात गेलेल्या माणसाला गप्प बसणे फार काळ सोसत नाही.

लिपी दोन आठवड्यांत आली, याचे श्रेय मी स्वतःकडे घेत नाही. राजा सेजोंगने १४४३ मध्ये तयार केलेल्या आणि १४४६ मध्ये प्रजेसमोर ठेवलेल्या या लिपीत चौदा मूळ व्यंजने आणि दहा मूळ स्वर आहेत, आणि व्यंजनांचे आकार जीभ, दात, ओठ व कंठ यांच्या ठेवणीवरून घेतलेले आहेत. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य ही वर्गवारी मुलांकडून वर्षानुवर्षे पाठ करून घेतलेली असल्यामुळे त्या अक्षरांशी माझी ओळख लगेच जमली. देजॉनला उतरल्यावर मी दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत रस्त्याने जाऊ शकत होते. मात्र कोणी काही विचारले की माझी वाचा बसत असे.

याचे कारण मला पहिल्याच आठवड्यात उद्वाहनात समजले. नवव्या मजल्यावर राहणाऱ्या, साधारण सत्तरीच्या एक बाई चाकांची पिशवी घेऊन आत आल्या. मी ठरल्याप्रमाणे "आन्न्यॉंगहासेयो" म्हटले. त्यांनीही तेच म्हटले आणि लगेच पुढे विचारले, "ऑदीसॉ ओश्यॉस्सॉयो?" प्रश्न मला पूर्ण कळला. 'ऑदी' म्हणजे कुठे, 'एसॉ' हा आपल्या 'हून'सारखा मागे जोडायचा प्रत्यय आणि 'ओ' म्हणजे येणे, म्हणजेच कुठून आलात. शब्दांचा क्रम मराठीसारखाच होता आणि क्रियापदही मराठीसारखेच शेवटी होते. मी अत्यंत आत्मविश्वासाने उत्तर दिले, "इंदोएसॉ ओश्यॉस्सॉयो." बाईंनी ओठ घट्ट मिटून हसू आवरले, मान तुकवली आणि नववा मजला आल्यावर त्या उतरून गेल्या.

संध्याकाळी मुलीला हे सांगितले तेव्हा तीही हसली आणि तिने चूक उलगडून दाखवली. कोरियनमध्ये समोरच्या माणसाविषयी बोलताना क्रियापदाच्या पोटात 'शी' हा आदराचा प्रत्यय घालतात. 'ओ' या धातूला 'शी' आणि भूतकाळाचा प्रत्यय लागला की 'ओश्यॉस्सॉयो' होते, आणि आदर काढून टाकला की तेच रूप 'वास्सॉयो' होते. हा प्रत्यय स्वतःला कधीही लावायचा नसतो. वर्गातील मुलांनी 'बाई आल्या' म्हणावे हे योग्य, पण बाईंनीच दारात उभे राहून 'मी आल्या' अशी घोषणा केली तर मुले काय करतील, तेच नवव्या मजल्यावरच्या बाईंनी केले होते.

माझ्या बाबतीत ही चूक अगदी मुळातली होती. 'उत्तरे पूर्ण वाक्यात लिहा' हे मी मुलांना आयुष्यभर सांगत आले. प्रश्न घ्यायचा, त्यातला प्रश्नार्थक शब्द काढायचा, त्या जागी उत्तर बसवायचे आणि बाकीचे वाक्य जसेच्या तसे ठेवायचे, ही आमची पद्धत. ती कोरियनमध्ये चालत नाही, कारण प्रश्न आदर घेऊन येतो आणि उत्तर त्या आदराशिवाय परत पाठवायचे असते. मोबाइलवरच्या धड्यांनी मला प्रश्न वेगळे आणि वाक्ये वेगळी शिकवली होती. एकाच क्रियापदाची ही दोन रूपे शेजारी शेजारी ठेवून कोणी दाखवली नव्हती. त्यामुळे माझ्याकडे पहिली वाक्ये भरपूर होती, पण समोरचा बोलल्यानंतरचे दुसरे वाक्य एकही नव्हते.

त्या रात्री मी एका वहीच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे कानावर पडणारा प्रश्न आणि उजवीकडे माझ्या तोंडचे उत्तर, अशा जोड्या लिहायला सुरुवात केली. 'गासेयो' विचारले तर 'गायो'. 'गेसेयो', म्हणजे घरी आहात का, विचारले तर 'इस्सॉयो'. 'दुश्यॉस्सॉयो', म्हणजे जेवण घेतलेत का, विचारले तर 'मॉगॉस्सॉयो'. शेवटच्या दोन जोड्यांमध्ये तर शब्दच बदलतो, कारण आदराचे 'असणे' आणि आदराचे 'जेवणे' यांना वेगळी क्रियापदे आहेत. बाळाला मांडीवर घेऊन मी डावीकडचे वाक्य एका आवाजात आणि उजवीकडचे दुसऱ्या आवाजात म्हणत असे. घरात तान्हे मूल असताना 'इथे शी हवी, इथे शी नको' असे दिवसभर पुटपुटणाऱ्या आजीबद्दल जावयांचे काय मत झाले असेल, ते मी विचारले नाही.

मला खरी शाळा सापडली ती युसॉंग भागात. देजॉनमधील हा भाग गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि मेट्रो स्थानकाचे नावच 'युसॉंग ओनचॉन' आहे. 'ओनचॉन' म्हणजे गरम झरा. स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर उघड्यावर एक लांब कुंड आहे. तिथे नळावर पाय धुऊन, विजार गुडघ्यापर्यंत वर घेऊन, कोणीही विनामूल्य पाय बुडवून बसू शकते. सकाळी दहाच्या सुमारास तिथे बहुतेक साठीच्या पुढची मंडळी असतात. एकदा पाय पाण्यात घातले की अर्धा तास कोणालाच घाई नसते, आणि शेजारी कोण बसणार हे आपल्या हातात नसते. नवशिक्यासाठी याहून चांगली जागा मला सुचत नाही, कारण बोलणे अडले तरी उठून जाण्याची सोय नसते. मुलीने आठवड्यातून तीन सकाळी मला सुट्टी दिली आणि मी तिथे जाऊ लागले.

तिथे पहिल्या काही दिवसांत माझ्या लक्षात आले की मला जे प्रश्न विचारले जातात ते मला लहानपणापासून पाठ आहेत. "बाप मॉगॉस्सॉयो?" हा त्यांतला पहिला. कोरियनमध्ये भाताला आणि एकूणच जेवणाला 'बाप' म्हणतात, हे ऐकून सुरुवातीला मला हसू आवरत नसे. जेवण झाले का, एवढाच प्रश्नाचा अर्थ असून तो विचारणाऱ्याला आपल्या जेवणात काडीचा रस नसतो. सकाळी अकराला गल्लीत भेटलेल्या शेजारणीला आपण 'झाला का स्वयंपाक?' म्हणतो, तसेच ते आहे. दुसरा प्रश्न "ऑदी गासेयो?", म्हणजे कुठे निघालात. पहिल्यांदा इमारतीच्या दारात एका आजोबांनी तो विचारला, तेव्हा मी थांबून औषधाचे दुकान, बाळाचे लंगोट आणि दूध अशा शब्दांची जुळवाजुळव करू लागले. ती होईपर्यंत आजोबा कोपऱ्यावर पोचले होते. वास्तविक साताऱ्यात कोणी 'काय, कुठे?' म्हटले तर मी 'हे काय, इथेच' म्हणून पुढे जाते. कोरियनमध्येही त्याला तंतोतंत उत्तर आहे: "ऑदी जोम गायो", म्हणजे जरा एके ठिकाणी जातेय. ते वहीत उजवीकडे लिहिले गेल्यापासून माझी दारातली सगळी संभाषणे सुरळीत पार पडू लागली.

कुंडावर माझ्या शेजारी अनेकदा ऐंशीच्या घरातील एक आजी बसत. त्या मूळच्या चुंगचॉंग प्रांतातल्या, म्हणजे देजॉन ज्या भागात वसले आहे तिथल्याच. या प्रांतातील लोक संथ बोलतात अशी त्यांची देशभर ख्याती आहे, आणि वाक्याच्या शेवटी येणारा 'यो' त्यांच्या तोंडी 'यू' होतो. धड्यांतला प्रत्येक 'यो' कान टवकारून ऐकण्याची सवय लागलेल्या मला पहिल्या दिवशी त्यांचे एकही वाक्य संपल्यासारखे वाटेना. हे 'यू' कळले तेव्हा मात्र फायदाच झाला, कारण त्यांच्या संथपणामुळे मला प्रत्येक क्रियापद आत काय घेऊन आले आहे ते ऐकायला वेळ मिळत असे.

'गुरेयो' हा शब्द मी त्यांच्याकडून शिकले. त्या बोलताना इतर बायका दर वाक्याला काहीतरी म्हणत, आणि ते बहुतेक वेळा हेच असे. सुर खाली ठेवून म्हटले तर 'हो, तसेच आहे', शेवटी वर नेले तर 'असं का?', आणि जरा ओढून म्हटले तर 'चला, तसे करू'. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला 'हं' म्हणणारा लागतो, नाहीतर सांगणारा थांबून 'ऐकतोयस ना?' म्हणून विचारतो, तसेच काम हा शब्द करतो. लिहिताना त्यात 'गुरे' दिसतात हा आपला योगायोग; प्रत्यक्षात पहिला स्वर ओठ न मुरडता, दातांच्या फटीतून उ म्हटल्यासारखा येतो आणि तो जमायला मला महिना लागला. या एका शब्दाच्या तीन सुरांवर मी एकदा पंचवीस मिनिटे संभाषण केले. त्यात आजींच्या सुनेविषयी काहीतरी होते. सून चांगली की वाईट हे मला शेवटपर्यंत कळले नाही, पण आजी निघताना समाधानी दिसल्या.

बोलायला लागल्यावर पुढची अडचण आली ती 'तुम्ही' या शब्दाची. शब्दकोशात त्याला 'दांगशिन' असा प्रतिशब्द होता आणि मी तो एका दुकानदारीणबाईंना उद्देशून वापरला. त्या एकदम ताठ झाल्या. नवरा-बायको एकमेकांना 'दांगशिन' म्हणतात, आणि रस्त्यात भांडण जुंपले की परक्याला 'दांगशिन' म्हणतात, हे मला मुलीने नंतर सांगितले. एरवी कोरियन माणूस समोरच्याला सर्वनाम वापरतच नाही. तो नाते वापरतो, हुद्दा वापरतो, नाहीतर कर्ता सरळ गाळून टाकतो. दुकान चालवणाऱ्याला 'साजांगनिम', म्हणजे मालक, म्हटले की काम भागते, मग दुकान चार फुटांचे का असेना. खानावळीत वाढणाऱ्या बाईंना 'इमो' अशी हाक मारतात. 'इमो' म्हणजे आईची बहीण. भाजीवालीपासून रुग्णालयातल्या आयापर्यंत सगळ्यांना मावशी म्हणत वाढलेल्या मराठी माणसाला हे कोणी शिकवावे लागत नाही. परंतु मोबाइलवरच्या धड्याने त्यासाठी 'लक्ष वेधून घेण्याचा शब्द' असे स्पष्टीकरण दिले होते, आणि त्यामुळे तो शब्द दोन महिने माझ्याजवळ असूनही मला ओळखता आला नव्हता.

'उरी' या शब्दाचेही तसेच. 'उरी' म्हणजे आमचे. कोरियन बाई 'माझा नवरा' म्हणत नाही, ती 'उरी नाम्प्यॉन' म्हणते. धड्यात याविषयी सावधगिरीची सूचना होती, कारण इंग्रजीतून शिकणाऱ्यांना 'आमचा नवरा' विचित्र वाटतो. पंचेचाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन 'आमचे हे' म्हणायला लागलेल्या बाईला त्यात विचित्र काय वाटणार? उलट 'उरी त्ताल', म्हणजे आमची मुलगी, हे मी पहिल्या प्रयत्नात बरोबर बोलले. तिथला घट्ट 'त' आपल्या 'ताट'मधल्या 'त'ला जवळचा आहे. तो सैल पडला तर 'दाल' होऊन त्याचा अर्थ चंद्र होतो आणि श्वास सुटला तर 'थाल' होऊन मुखवटा होतो. मुलीला तिथे कोणी नावाने हाक मारत नसे. ती 'एगी ऑम्मा', बाळाची आई, होती आणि मी 'वेहालमॉनी', म्हणजे आईकडची आजी. वडिलांकडच्या आजीसाठी वेगळा शब्द आहे, आणि बाळाला कडेवर घेऊन मी कुठेही उभी राहिले तरी मी यांतली कोणती आजी आहे हे लोक आधी विचारून घेत.

आकड्यांनी मला बाजारात गाठले. युसॉंगला तारखेच्या शेवटी चार किंवा नऊ आले की, म्हणजे ४, ९, १४, १९ असा, दर पाच दिवसांनी बाजार भरतो. आपल्या आठवडे बाजारासारखाच तो रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरतो: मिरच्या, तीळ, वाळवलेले मासे, रोपे, गरम भजी. कोरियनमध्ये दोन प्रकारचे आकडे आहेत, एक चिनीतून आलेले आणि दुसरे मूळचे कोरियन. पैसे चिनी आकड्यांत मोजतात आणि वस्तू कोरियन आकड्यांत. घड्याळात तर तास कोरियन आणि मिनिटे चिनी असतात. हे मला माहीत होते, पण माहीत असणे बाजारात उपयोगी पडले नाही. मला दोन दुधीसारखी फळे हवी होती. मी चिनी दोन, म्हणजे 'इ', घेतला, त्यापुढे नगाचा शब्द 'गे' लावला आणि "इ गे जुसेयो" म्हटले. 'जुसेयो' म्हणजे द्या. विक्रेत्याने एक फळ पिशवीत टाकले. मी दोन बोटे दाखवून पुन्हा "इ गे" म्हटले. त्याने मी बोट दाखवले त्या दिशेचे, त्याच्या समजुतीने मला अधिक आवडलेले फळ उचलले आणि आधीचे परत ठेवले. असे तीनदा झाले. 'इगे' या उच्चाराचा त्यांच्या कानाला अर्थ 'हे' असा होतो. मी दर वेळी 'हे द्या, हे द्या' म्हणत होते आणि तो बिचारा दर वेळी 'हे' शोधत होता. शेवटी मागे उभ्या असलेल्या मुलीने "दू गे" म्हटले आणि दोन फळे पिशवीत पडली. पैशांचे मात्र लवकर जमले. तिथे दहा हजारांना 'मान' म्हणतात आणि मोठी मोजणी मानांत होते, त्यामुळे आपला एक लाख म्हणजे त्यांचे दहा मान. लाखाची सवय असलेल्या डोक्याला एक शून्य इकडचे तिकडे करायला दोन दिवस पुरले.

कुंडावर वयही कोरियन आकड्यांतच सांगावे लागे. "यॉन्सेगा ऑत्तॉके द्वेसेयो?" हा वय विचारण्याचा अदबशीर प्रश्न पाचव्या मिनिटाला येतोच. तो भोचकपणा नसतो. कोण मोठे हे कळल्याशिवाय कोणी कोणाशी कसे बोलायचे हे ठरत नाही, म्हणून तो विचारतात. उत्तर "येसुन्ने साल". 'येसुन' म्हणजे साठ, 'ने' म्हणजे चार, आणि वर्षाला शब्द आहे 'साल'! या शब्दावर मी इतकी खूश झाले की काही दिवस कोणी न विचारताच वय सांगत असे. आजी मात्र मला पासष्ट धरत. जन्मतःच बाळ एक वर्षाचे मोजण्याची रीत जून २०२३ पासून कायद्याने सरकारी व्यवहारातून गेली असली, तरी कुंडातल्या पाण्यात ती शाबूत आहे. मग त्यांनी जन्मवर्षाचा प्राणी विचारला. १९६० म्हणजे उंदीर. उंदीर हे आमच्या गणपतीचे वाहन, एवढे एक वाक्य मला बोलायचे होते. देव, वाहन आणि आमचा, हे शब्द मी मनात फिरवत राहिले आणि तोवर बोलणे कोणाच्या तरी गुडघेदुखीवर गेले. तिथल्या एक हॉ आडनावाच्या बाईंना मात्र 'इंदो' एवढा शब्द पुरला. तेराव्या शतकातील एका ग्रंथात, आयुता नावाच्या देशातून समुद्रमार्गे आलेल्या हॉ ह्वांगोक या राजकन्येने राजा सुरोशी विवाह केल्याची कथा आहे. गिम्हे येथे त्या राणीचे थडगे आहे, आणि हे आयुता म्हणजे अयोध्या असे अनेक कोरियन लोक मानतात. गिम्हेचे हॉ घराणे स्वतःला तिचे वंशज समजते. बाईंनी स्वतःच्या छातीवर आणि मग माझ्या दंडावर बोट टेकवले, आणि व्याकरणाविना नाते जुळवून टाकले.

माझे पहिले खरे संभाषण, म्हणजे ज्यात दोन्ही बाजूंना काहीतरी कळले असे, नवव्या मजल्यावरच्या त्याच बाईंशी झाले. चुसॉक हा त्यांचा पौर्णिमेचा सण त्या वर्षी १७ सप्टेंबरला होता आणि आपली अनंत चतुर्दशीही त्याच दिवशी होती. आदल्या संध्याकाळी बाई एका ताटलीत सोंगप्यॉन घेऊन दारात आल्या. तांदळाच्या पिठाची पारी, आत तीळ आणि गोड सारण, आकार अर्धचंद्राचा, आणि पाइनच्या पानांवर वाफवलेली. एक तोंडात टाकताच मला शब्द सुचेनात, पण या वेळी ते भाषेमुळे नव्हते. ताटली रिकामी परत करायची नाही हे मला माहीत होते, आणि मुलीने सांगितले की त्यांच्यातही तसेच आहे. दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून नेलेल्या पिठीचे उकडीचे मोदक घेऊन मी नवव्या मजल्यावर गेले.

"इगे म्वॉयेयो?" त्यांनी विचारले. हे काय आहे? शब्दांचा क्रमसुद्धा आपलाच. मी म्हटले, "इंदो सोंगप्यॉनियेयो." त्यांनी मोदक उलटासुलटा पाहिला, कळीवरून बोट फिरवले आणि आत काय आहे असे विचारले. नारळाला मी 'कोकोनॉत' म्हटले, गुळाला शब्द नव्हता म्हणून 'काळी साखर' म्हटले. त्या दोन्हींना "गुरेयो?" म्हणत गेल्या. मग त्यांनी विचारले, "त्ताल, मियॉककुक मॉगॉयो?" मियॉक या समुद्री वनस्पतीचे सूप कोरियात बाळंतिणीला आठवडेच्या आठवडे देतात. मुलगी बाळंतपणानंतर दोन आठवडे ज्या शुश्रूषा केंद्रात राहिली होती, तिथे ते रोज होते. मी म्हटले, खाते. पुढे मला सांगायचे होते की आम्ही अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू देतो. डिंकाला कोरियन शब्द शोधण्यात अर्थ नव्हता. मी 'झाड' म्हटले आणि बोटांनी खोडावरून ओघळणारे काहीतरी दाखवले. बाई विचारात पडल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी मधाची बाटली आणून दाखवली. मी "आनियेयो" म्हटले, म्हणजे नाही. मग त्यांनी स्वतःची कंबर धरून वाकून दाखवले आणि प्रश्नार्थक पाहिले. हो, कंबरेसाठीच! "गुरेयो!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो. त्या दिवशी मी साधारण अकरा वाक्ये बोलले आणि त्यांतल्या एकातही स्वतःला 'शी' लावली नाही, हे मी घरी येऊन वहीत लिहून ठेवले.

ऑक्टोबरमध्ये मात्र मी उलट्या बाजूने घसरले. बाळाला घेऊन फिरायला जाऊ लागल्यावर येणारेजाणारे सगळे बाळाशी बोलत: "आन्न्यॉंग!", "माम्मा मॉगॉस्सॉ?", "जाल जास्सॉ?". 'माम्मा' म्हणजे आपले मंमं, हे सांगायला नको. ही वाक्ये छोटी, दिवसातून वीसदा कानावर पडणारी, म्हणून ती न घोकता तोंडात बसली आणि माझी सर्वांत सफाईदार कोरियन वाक्ये ठरली. एका सकाळी कुंडावर आजी येऊन बसल्या आणि मी उत्साहाने म्हटले, "जाल जास्सॉ?" नीट झोपलास का, असे मी एका ऐंशी वर्षांच्या बाईंना विचारले होते, आणि तेही 'यो' न लावता, तान्ह्या मुलाला विचारतात तसे. पाण्यातले सगळे पाय थांबले. मग आजीच आधी हसल्या. त्यांनी बाळासारखे दोन्ही डोळे चोळले आणि लाडिक आवाजात "उंग" म्हणाल्या. 'उंग' म्हणजे लहान मुलांचे 'हो'. त्यानंतर त्यांनी मला मोठ्यांच्या झोपेसाठी असलेले वेगळे क्रियापद पाच वेळा म्हणायला लावले आणि सहाव्यांदा म्हटल्यावर मान डोलावली. तीस वर्षांत मी अनेक मुलांना 'ये' आणि 'या' यांतला फरक समजावला आहे. त्यांतल्या कोणालाही मी इतक्या गोडीने समजावले नव्हते, हे मला कबूल केले पाहिजे.

आणखी एका वाक्याचा उल्लेख करते, कारण तो सापळा सगळ्यांसाठी लावलेला असतो. दोन शब्द बोलताच कोणीतरी "हांगुंगमाल जाल हासिनेयो" म्हणते, म्हणजे कोरियन छान बोलता हो. पहिल्यांदा मी "हो" म्हटले. योग्य उत्तर "आनियेयो, आजिक मॉरॉस्सॉयो" असे असते, त्याचा अर्थ छे, अजून बराच पल्ला आहे. हे उत्तर घोटून घेतल्याचा असा परिणाम झाला की ते ऐकून लोक आणखी वेगाने बोलू लागत.

नोव्हेंबरच्या मध्यावर बाळाचा शंभरावा दिवस झाला. कोरियात तो थाटाने करतात आणि तांदळाचे पदार्थ शेजारी वाटतात. नवव्या मजल्यावर ताटली घेऊन मी एकटीच गेले, मुलीला सोबत नेण्याची गरज पडली नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी कुंडावर शेवटचे गेले. निरोपाचे दोन वेगळे शब्द आहेत, एक जाणाऱ्याने राहणाऱ्याला म्हणायचा आणि दुसरा राहणाऱ्याने जाणाऱ्याला. दोन्ही मी अदलाबदल करून इतक्यांदा बोलले होते की त्या दिवशी धोका पत्करायचा नाही असे ठरवले होते. शिवाय मला 'जाते' म्हणायचे नव्हते. आपण म्हणत नाही. घरातून थोड्या वेळासाठी बाहेर पडताना कोरियन माणसे "गात्ता ओल्केयो" म्हणतात, शब्दशः 'जाऊन येते'. मी पाय पुसले, मोजे चढवले, उभी राहिले आणि आजींना तेच म्हटले.

त्यांना ठाऊक होते की मी भारतात परत चालले आहे. त्यांनी वर पाहिले आणि विचारले, "ऑन्जे?" केव्हा?

वहीत या प्रश्नासमोर काही लिहिलेले नव्हते. मी क्षणभर थांबून म्हटले, "नेन्यॉनेयो." पुढच्या वर्षी.

"गुरेयू," आजी म्हणाल्या आणि त्यांनी शेजारच्या बाईंना माझ्या जागेवर सरकायला सांगितले.